पानाला न चालणारे हात

अक्का, तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला कधी एकेरी हाक मारली नाही. थोरली जाऊ, त्यात तुमचा तो आवाज, अंगणातून बोललात तरी वेशीपर्यंत जायचा. पण आता गेलात, तर मी तू म्हणणार आहे. देवाला म्हणतोच ना आपण? राग आला तर येऊन सांग, मी वाटच बघतेय.

मला बसवत नाही गं. तेरावं झालं, पाहुणे गेले, उसन्या आणलेल्या सतरंज्या घासून-पुसून ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या, त्यालाही आता दोन महिने झाले. आता बसायला हरकत नाही. पण बसले की उठावंसं वाटतं, आणि उठून ओट्यावर गेले की कशाला आले ते आठवत नाही. परत आत येते. हे म्हणतात, जरा पड. पडले तर डोळे छताला लागतात आणि डोक्यात तू. तीही समजूत घालणारी तू नव्हे, गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली, माझ्यावर चिडलेली. भांडण अर्धं टाकून कुणी जातं का? मी अजून बोलतेच आहे, आणि समोर कुणी नाही.

तुझ्यामाझ्यातलं पहिलं वाक्य आठवतं तुला? मला लख्ख आठवतं. मी धुळ्याकडची, शाळेच्या शिपायाची मुलगी, चौथीपर्यंत शिकलेली. विड्याच्या पानांचा मळा कसा असतो ते लग्न होईतो पाहिलं नव्हतं. उंबरठ्यावरचं माप ओलांडून आत आले, तर तू पुढे झालीस आणि माझा हात दोन्ही हातांत धरलास. मला वाटलं, माया करतेय. तू माझा तळवा आपल्या गालाला लावलास, जरा थांबलीस, आणि सासूबाईंकडे वळून म्हणालीस, "गरम हाये. पानाले चालनार नाही."

तुमच्या घरात ही रीतच होती. नव्या सुनेचा हात बघायचा. थंड असला तर तिला पानाच्या खोलीत घ्यायचं, गरम असला तर नाही. गरम हाताने पान लवकर पिवळं पडतं म्हणे. नवरा म्हणाला, मनावर घेऊ नकोस. घेतलं. मी तेव्हा माझ्या बोलीत ताडकन म्हटलं होतं, "मना हात गरम शेतस, ते मी काय करू?" आणि घरातल्या बठ्ठ्या बायका माझ्या 'शेतस'ला हसल्या. तू सगळ्यात जास्त.

मग मला धाब्यावर, घराच्या मातीच्या गच्चीवर धाडलंत. तुम्ही सगळ्या त्या अंधाऱ्या, गार खोलीत ओल्या गोणपाटावर पानं निवडत बसायच्या, गाणी म्हणायच्या, आणि मी वर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन बिबडे घालत असायची. बिबडे, कुरडया, सांडगे, मिरच्या. आधी घरच्या, मग गल्लीतल्या. कुणाच्याही वाळवणाला बुरशी आली की बोलावणं मला. खालून तुमच्या हसण्याचा आवाज यायचा आणि मला रडू यायचं. ते तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते.

पण एक कबूल करते. पानमळ्यात मी तुझ्या मागून जायची ना, मळ्याच्या तोंडाशी चपला काढून, तेव्हा मला बरं वाटायचं. शेवरीच्या झाडांवर चढलेले ते वेल, आत ती हिरवी सावली, आणि तू प्रत्येक ओळीत थांबून कुठलं पान दोन दिवसांत जाईल ते नुसतं बघून सांगायचीस. हात न लावता. मी म्हणायची, मलाही शिकवा. तू म्हणायचीस, तू लांबून पाहा.

आणि मग वेलांना मर लागली. एका मोसमात अर्धा मळा वाळला, दुसऱ्यात उरलेला. मुळापाशी काळं पडायचं आणि वेल मान टाकायचा. ज्या मळ्यात पिढ्यान् पिढ्या कुणी चपला घालून गेलं नव्हतं, तिथे तुझे मालक, थोरले भाऊ, नांगर घेऊन गेले. नांगर धरला तेव्हाही अनवाणी होते. तू बांधावर उभी होतीस. डोळ्यांतून टिपूस नाही. घरी आलीस आणि म्हणालीस, रावेरकडे सगळे केळी लावू राहिले, आपण बी लावू.

लोक म्हणाले, पानवाल्यांना केळीतलं काय कळतं? भाऊसुद्धा म्हणाले, आपण आता पहिल्या इयत्तेत. तेव्हा तू ते सुरू केलंस, तुझं ते विचारणं. मी तुझ्यावर कितीही चिडले असले तरी हे विचारणं मला दुसऱ्या कुणाकडे दिसलं नाही.

रहीमचाचा आठवतात? आपल्या पानाच्या करंड्या विणायचे. केळीच्या घडांना करंडी लागत नाही, तेव्हा ते निरोप घ्यायला आले. चाळीसगावला गिरणीत बघतो म्हणाले. तू त्यांना ओट्यावर बसवलंस, मला चहा ठेवायला सांगितलास आणि विचारलंस, "चाचा, काय काय येतं तुम्हाले?"

"क्या आता है अक्का, टोपल्या विणतो. और क्या?"

"तसं नाही. सकायपासून सांगा. उठल्यावर आधी काय करता?"

चाचा हसले. त्यांना वाटलं, अक्का चेष्टा करतेय. पण तू हलेनास. मग ते सांगू लागले. बांबू कसा निवडतात, कुठे दाबून बघतात, कुठे तो तडकणार हे कसं कळतं, कामट्या किती पातळ काढतात. तू मधूनमधून नुसतं "मंग?" म्हणायचीस. चहा झाला, गार झाला, मी दुसरा ठेवला. चाचा म्हणाले, पानाच्या करंडीला वीण घट्ट चालत नाही, पान श्वास घेतं, त्याला वारा ठेवावा लागतो.

तू एकदम सरळ झालीस. "हां. म्हंजे तुम्ही टोपली नाही विनत, वारा ठेवता."

आणि चाचा चाळीसगावला गेले नाहीत. त्यांनी बांबूच्या तट्ट्या विणल्या, आगगाडीच्या वॅगनीत आतून उभ्या लावायच्या, म्हणजे घड लोखंडाला घासत नाहीत आणि मधून हवा फिरते. पुढे आजूबाजूच्या गावांतले केळीवालेही त्यांच्याकडेच येऊ लागले. चाचांना तोवर माहीतच नव्हतं की आपल्याजवळ असं काही आहे.

यांचंही तसंच केलंस. हे म्हणाले, वहिनी, मी नुसत्या करंड्या बोदवडच्या स्टेशनावर पोचवतो, त्यात काय यायचंय? तू यांना सकाळपासून सांगायला लावलंस, आणि त्यातून निघालं की कुठल्या गाडीला कोण गार्ड असतो, मालबाबू कधी खुशीत असतो आणि कधी त्याच्या वाटेला जायचं नाही, हे सगळं यांना तोंडपाठ. तू म्हणालीस, मंग वॅगन मियवनं तुह्याकडं. वेल लव्हाळ्याने बांधणारा म्हातारा तुकाराम केळीला टेकू देऊन बांधायला लागला, खोड न कापता. ज्याने त्याने आपला दिवस सांगितला आणि तू त्यातून एकेक काम उचलून त्याच्या हातात दिलंस. 'काय येतं' असं विचारलं की माणूस 'काही नाही' म्हणतो, हे तुला कळलेलं होतं.

तूही चुकलीस. तेही लिहिते, नाहीतर तू म्हणशील नुसती आरती करतेय. पहिली वॅगन भरली तेव्हा तू स्वतः बोदवड स्टेशनावर गेलीस, आणि घड चढले तसे त्यांच्यावर पाण्याचे हबके मारायला लावलेस. वर ओले गोणपाट. हमाल म्हणाला, बाई, केळ्याला पाणी मारत नाहीत. तू त्याला म्हणालीस, हिरव्या मालाले पाण्याबिगर कसं राहू देता? तुझ्या घराण्यात पान पाण्यावर जगवलेलं. तू दुसरं काय करणार होतीस? दिल्लीला दारं उघडली तेव्हा आत काळा चिखल होता. व्यापाऱ्याच्या माणसाने तिथून जो निरोप धाडला तो मी इथे लिहीत नाही.

तू दिवसभर जेवली नाहीस. संध्याकाळी मला म्हणालीस, दुसऱ्या कुणाला नाही, मलाच म्हणालीस, "पानी पानाचं व्हतं वं. आपलं नव्हतं. आपलं काय व्हतं, तर कोनतं आधी नासंन ते ओयखनं. मी जे पानाचं ते घेऊन आले, आन् आपलं तिथंच ठेवलं."

त्यानंतर तू पाण्याला हात लावला नाहीस. घडाकडे बघायचीस, पानाकडे बघायचीस तसं, आणि सांगायचीस, हा चढव, हा राहू दे, हा वाटेत पिकेल. तुझ्या हातची वॅगन पुन्हा कधी नासली नाही. चपला मात्र आपण केळीच्या बागेबाहेरच काढत राहिलो. लोक हसले, हसू दे. ते ठेवायचं ठरलं होतं.

मी तुला त्या संध्याकाळी विचारायला हवं होतं, की अक्का, मग माझं काय? जिभेवर आलं होतं. पण तुझं तोंड इतकं उतरलेलं, की मी नुसती भाकरी वाढली. वाटलं, कधीतरी विचारील. सगळ्यांना विचारते, मलाही विचारील. माझी पाळी येईल.

पाळी आली नाही गं. वर्षं गेली. मी धाब्यावर आणि तू बागेत.

मग ही लढाई. आधी वॅगनी उशिरा यायला लागल्या, मग कमी, मग येईनाशाच झाल्या. सगळ्या लष्कराच्या कामाला. हे रोज स्टेशनावर जाऊन हात हलवत परत यायचे. मालबाबू कितीही ओळखीचा असला तरी त्याच्याकडे नसलेली वॅगन तो कुठून देणार? घड झाडावर पिकले. गल्लीत वाटले, पाहुण्यांना धाडले, गुरांना घातले. गुरं खाऊन खाऊन तोंड फिरवायला लागली. बागेत गेलं की गोडसर आंबूस वास, नुसता वास, आणि माश्या. भाऊ पुन्हा नांगराची भाषा बोलायला लागले. आता कशाकडे वळायचं, हे तुलाही सुचत नव्हतं. तू ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तेच विचारायचीस, काय करता, सकायपासून सांगा. जणू कुणाच्या तरी दिवसात आपली वाट सापडेल.

त्या दुपारी मी गोठ्यात गाईपुढे केळी टाकत होते. तू दारात आलीस आणि म्हणालीस, सावकाश टाक, पोटं फुगतीन. एवढंच म्हणालीस. आणि माझं डोकं गेलं.

मी ओरडले, "चाचांना विचारलंत. यांना विचारलंत. तुकारामला, हमालाला, वाटेवरच्या फकिराला विचारलंत. मला कधी विचारलंत? मी या घरात काय करते, ते कधी सकाळपासून ऐकलंत?"

तू खरोखर चकित झालीस. मला ते दिसलं. तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू म्हणालीस, "तुले काय विचारू? तू त घरातच आहे."

मग मी बरंच बोलले. गरम हात काढले, गालाला लावलेला तळवा काढला, उन्हातली वाळवणं काढली, खालून येणारं हसणं काढलं. तू कमरेवर हात ठेवून ऐकलंस, शेवटी "झालं?" म्हणालीस आणि गेलीस. त्यानंतर आपण बोललो ते मीठ दे आणि दार लाव इतकंच. तू सारखी मागच्या अंगणात जायचीस. मला वाटलं, मला टाळतेय. आणि मग एका सकाळी तू उठलीच नाहीस.

मी खूप रडले. पण रडताना आतून एक बाई म्हणत होती, हिने मला उत्तर दिलं नाही. मेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले होते. अजूनही थोडी आहे.

तुझी राख सावडून पुरुष मंडळी आली त्या दिवशी पाहुण्यांसाठी जादा खाट हवी होती. ती मागच्या अंगणातल्या जुन्या पानाच्या खोलीत पडलेली. वेल गेल्यापासून तिकडे कुणी फिरकत नव्हतं. मी गेले, तर खोलीला शिडी लावलेली. वर कोण गेलं असेल म्हणून चढले.

वर त्या छोट्याशा धाब्यावर एक सूप होतं. वर गोणपाट झाकलेलं, चारी कोपऱ्यांवर दगड. गोणपाट उचललं. खाली केळ्याच्या फोडी.

अक्का, तू केळी वाळत घातली होतीस.

आणि कशी घातली होतीस! मला आधी हसूच आलं, तुझ्या सुतकात, त्या उन्हात, एकटीला. फोडी जाड, बोटाएवढ्या. आणि एकीवर एक, एकीवर एक, अर्धी झाकून अर्धी उघडी, गोल रचलेल्या. पानं रचतात तशा. वर गोणपाट ओलं केलं असणार, कारण वाळून ते कडक झालं होतं. इतकी वर्षं तुझ्या डोळ्यांदेखत मी धाब्यावर वाळवणं घातली, तू रोज येताजाता बघितलीस, आणि वाळवण म्हणजे एकाला दुसरं लागू द्यायचं नाही, एवढं तुला दिसलं नव्हतं? फोडी आंबल्या होत्या, काळ्या पडल्या होत्या, मुंग्या लागल्या होत्या. दिल्लीच्या वॅगनीसारखंच केलंस. पुन्हा जे पानाचं ते घेऊन वर चढलीस.

हसता हसता मी तिथेच बसले. कारण मग कळलं, तू हे कशापायी करत होतीस ते. गोठ्यात मी बोलले ते तू ऐकलं होतंस. तुला कळलं होतं की आता घराला तारलं तर वाळवणच तारेल. नुसतं मला येऊन विचारायचं होतं, अक्का. दोन पावलांवर माझं धाबं. पण तू, थोरली, गरम हाताच्या जावेला कसं विचारणार? आधी स्वतः करून बघू, म्हणालीस. की विचारणारच होतीस, आणि रिकाम्या हाताने यायचं नव्हतं तुला? हे मला कधीच कळणार नाही. मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करते, आणि रोज निम्मी रात्र त्यातच जाते.

एका कडेला गोणपाट वाऱ्याने सरकलं होतं. तिथल्या दोनतीन फोडींवर सरळ ऊन पडलेलं. त्या झाल्या होत्या. कडेने लालसर, मधे मऊ. सुतकात गोड खाऊ नये. मी खाल्ली. खूप गोड होती, आणि मला तुझा इतका राग आला, इतकी माया आली, की त्या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येईनात.

आता ऐक, तू गेल्यावर काय झालं ते. फोडी पातळ हव्यात, उभ्या चिरून. केळं पिकलेलं हवं पण लिबलिबीत नको. चाचांनी मला तट्ट्या विणून दिल्या, विरळ, खालून वारा लागेल अशा. मी त्यांना म्हटलं, चाचा, वारा ठेवा, आणि ते डोळे पुसायला लागले. वर मलमल, कोरडी बरं का. दुपार कलली की उलटायच्या, सांज व्हायच्या आत उचलायच्या. पश्चिमेचा वारा दमट झाला की दुसऱ्या दिवशी चिरायच्याच नाहीत. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि मला येतं हे मलाही माहीत नव्हतं. साखर रेशनवर, लोकांची जीभ गोडाला आसुसलेली. यांनी जळगावला एका दुकानदाराला नमुना दाखवला. आता तो म्हणतो, आणखी द्या. भाऊंनी नांगराचं नाव काढणं सोडलंय.

माझ्या एकटीने होईना, म्हणून गल्लीतल्या बायका येतात. काल शेजारच्यांची नवी सून आली, बोदवडकडची, अजून हळद उतरली नाही. म्हणाली, काकू, मीही करू का? मी तिचा हात हातात घेतला. का घेतला, विचारू नकोस, तुला माहीत आहे. गारेगार हात. आणि माझ्या ओठांवर आलं होतं, खरंच आलं होतं, की तुले जमनार नाही. तुझ्याच आवाजात, अक्का.

मी जीभ चावली. तिचा हात सोडला नाही. तिला शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, "तू माहेरी काय करायचीस गं?"

ती लाजली. म्हणाली, "मी काय करणार काकू? मी तर घरातच होते."

"हो," मी म्हटलं, "घरातच. सकाळपासून सांग."